मोठ्या आईच्या दाढेभोवतीची रेघ

नाही दादा, सिमेंट नव्हतं ते! सिमेंट भरायला ती काय आपली विहीर आहे? मागच्या पत्रात तू ‘किती दिवस टिकणार गं ते सिमेंट?’ असं विचारलंस आणि शेजारी दात नसलेला एक हसरा चेहरा काढलास, तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. बसमध्ये भांडले, मेसच्या रांगेत भांडले, परवा तर एका आजोबांच्या तोंडात बघता बघता भांडत होते (ते बिचारे ‘चुकलं का काय माझं?’ म्हणाले). आज सुट्टी आहे, हॉस्टेल रिकामं आहे आणि मुख्य म्हणजे मी जिंकलेय. तेव्हा आता सगळं उत्तर लेखी घे.

हां, आधी रीत. शिवतेज दादाला उत्कर्षाचा वाकून नमस्कार. तब्येत बरी ना? तिकडे बर्फ पडायला लागलं असेल. ओले मोजे घालून ड्युटीवर उभा राहू नकोस, पायाला भेगा पडतात (पाय हा माझा विषय नाही, पण डॉक्टर आहे म्हटल्यावर सांगायला नको?). वस्तीवर सगळं ठीक आहे. मेंढरं ठीक, विहिरीला पाणी ठीक. क्रांती वहिनी तुझी लय आठवण काढते, आणि हे मला तिने लिहायला सांगितलेलं नाही, म्हणजे खरंच काढत असणार. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन आला की मोठी आई तो घेऊन बाभळीखाली जाते आणि मग आम्हाला नुसती तिची पाठ दिसते. म्हणून पत्र. साताऱ्याच्या इंग्लिश मीडियमने माझ्या मराठीचं काय केलंय ते तुला माहीत आहे, त्यामुळे मी बोलते तसंच लिहिणार. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, पुढे वेळ मिळणार नाही.

तर दाढ. तुझ्या आईच्या, म्हणजे आमच्या मोठ्या आईच्या, तोंडात उजव्या बाजूला आता काहीच उरलेलं नाही हे तुला माहीत असेल. जे काही चावणं आहे ते डाव्या बाजूच्या खालच्या एका दाढेवर, आणि वरून तिला भेटायला येणाऱ्या दुसऱ्या एका दाढेवर. बाजरीची भाकरी, शेंगा, हुरडा, सगळा कारभार या दोघींवर. आणि त्यातल्या खालचीला कीड लागली. तीही कुठे, तर अगदी हिरडीपाशी. ही दाढ गेली असती तर मोठ्या आईला उरलेला जन्म भाकरी दुधात कुस्करून खावी लागली असती, आणि दुधात कुस्करलेली भाकरी खाणाऱ्या बायकांबद्दल ती स्वतः आजवर काय काय बोललीय ते आठव. म्हणजे नुसता दाताचा प्रश्न नव्हता, इज्जतीचा होता.

आता तुला शिकवते, कारण तू सिमेंट म्हणालास. दात भरला की काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. ॲक्च्युअली काम तिथे सुरू होतं. आम्ही जो मसाला भरतो तो कडक होताना किंचित आकसतो. आकसला की खड्ड्याच्या भिंतीपासून सुटायला बघतो, आणि मध्ये केसाहून बारीक फट राहते. ती आपल्याला दिसत नाही, पण चहाला दिसते, थुंकीला दिसते, आणि जंतूंना तर दारावर पाटी लावल्यासारखी दिसते. मग वरून दात छान भरलेला आणि आतून पुन्हा किडायला सुरुवात. म्हणून मसाल्याच्या आधी भिंतीला एक चिकट द्रव लावतात, त्याला आम्ही बाँड म्हणतो. तो बाँड किती घट्ट धरतो आणि किती गळू देतो, हाच माझ्या थिसिसचा विषय आहे. (घरी सगळ्यांना वाटतं की मी दात उपटायला शिकतेय. पप्पांनासुद्धा.)

ही गळती मोजायची पद्धत ऐकशील तर म्हणशील हिला खूळ लागलंय. दात वाकडे म्हणून काही मुलांचे चांगले दात काढावे लागतात, ते आम्ही जमवतो. त्यात खड्डा करायचा, बाँड लावायचा, भरायचं. मग ते दात गरम पाण्यात, मग गार पाण्यात, पुन्हा गरम, पुन्हा गार, असं मशीन शेकडो वेळा बुचकळतं, कारण आपण चहा पितो, आइस्क्रीम खातो, तसं त्या दातांनाही जगल्यासारखं वाटलं पाहिजे. मग भरलेल्या जागेची कड सोडून बाकी सगळ्या दाताला नेलपॉलिश लावायची. हो, नेलपॉलिश! म्हणजे रंग दुसरीकडून कुठून आत शिरत नाही. मग दात निळ्या रंगात बुडवून ठेवायचा, बाहेर काढायचा, उभा कापायचा आणि रंग किती आत गेला ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. नेलपॉलिश आणायला मी आणि माझी रूममेट अर्फा (लोणंदची, माझ्याच वर्गात) सांगलीच्या पेठेत गेलो. एकाच शेडच्या इतक्या बाटल्या घेतल्या की दुकानदार म्हणाला, लग्नघर का? अर्फा म्हणाली, नाही हो काका, दातांना लावायचीय. त्यानंतर त्याने आम्हाला पिशवीसुद्धा लांबूनच दिली.

आता मोठ्या आईच्या दाढेवरचा पहिला प्रयत्न. हे मी थोडक्यात आटपणार आहे, कारण यात माझा पराक्रम जरा कमी आहे. मी तिला सांगलीला आणलं, खुर्चीत बसवलं, तोंडात कापसाचे बोळे ठेवले, थुंकी ओढायची नळी लावली. बाँड लावताना तिथे थुंकी आली की संपलं. आणि मोठी आई, दादा, बोळ्यांमधूनसुद्धा बोलत होती. नळीतूनसुद्धा बोलत होती. समोरचा दिवा केवढ्याला, ही सुई कशाला, शेजारच्या खुर्चीवरची बाई कुठली, आणि ते विट्याचं स्थळ मी का नाकारलं. मी गडबडले. थुंकी नको म्हणून हवेचा फवारा मारत राहिले, मारत राहिले, आणि दात पार खडखडीत वाळवला. हीच चूक! दाताच्या आतल्या भागाला किंचित ओल लागते. तिथे अगदी बारीक तंतू उभे असतात, त्यांच्यात बाँड शिरतो. जास्त वाळवलं की ते तंतू लोळण घेतात आणि बाँड वरच्यावरच बसून राहतो, पाहुणा उंबऱ्यावर बसावा तसा.

मग व्हायचं तेच झालं. वस्तीवर भाजलेलं कणीस खाताना सगळं भरलेलं सुटून तिच्या हातात आलं. दुसरी कुणी असती तर गिळलं असतं नाहीतर टाकलं असतं. मोठ्या आईने ते जपून मिश्रीच्या डबीत ठेवलं आणि पहाटेची एसटी धरून विट्यावरून थेट सांगलीत माझ्या ओपीडीत हजर झाली. समोर पन्नास पेशंट, माझ्या गाइड मॅडम राउंडला, आणि ही दारातून, “आगं ये उत्कर्षे! ह्ये घे तुजं. गळालं की गं भाड्या!” (भाड्या मी, की तो मसाला, हे अजून नक्की नाही.) तिने डबी उघडून ते माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते उलटं केलं, आणि दादा, मी आनंदाने ओरडलेच. आतली बाजू, जी दाताला चिकटलेली असायला हवी होती ती, काळीकुट्ट! म्हणजे तिची मिश्री फटीतून आत शिरली होती! प्रयोगशाळेत आम्ही विकतचा निळा रंग वापरतो, आणि आपल्या घरात दिवसातून चार वेळा बोटाने घासून लावला जाणारा काळा रंग चालू आहे, तंबाखू भाजून घरीच केलेला! मी तशीच डबीसकट धावत मॅडमकडे गेले, मागोमाग मोठी आई. मॅडमनी चष्मा वर केला, माझ्या हाताकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “हे दातात काळं झालं की डबीत?”

 उत्तर मोठ्या आईने दिलं. ती म्हणाली, “बाई, तुमी मोठ्या असाल, पर डबी माजी हाय.” याचा अर्थ काय ते मला अजून कळलेलं नाही, मॅडमनाही नाही, पण मॅडमनी डबीचा विषय सोडला. आणि तिथेच आमची पैज लागली. मी म्हटलं, मोठी आई, मी पुन्हा भरते. दिवाळीच्या आधी बघायचं. भरलेल्याच्या भोवती काळी रेघ नसेल तर तू मिश्री कायमची सोडायची. ती हसली. (तुला माहीत आहे ना ती कशी हसते, आधी डोळे बारीक आणि मग सगळं अंग.) म्हणाली, “आन् पडली रेघ, मंग?” मी म्हटलं, मग तू म्हणशील ते. “मंग तू वस्तीवर याचं, समद्या बायकांम्होरं बसायचं आन् माज्या डबीतली मिश्री लावायची. पांढरा कोट घालून.” अर्फाने माझ्या वतीने लगेच होकार देऊन टाकला. मैत्रिणी अशा असतात.

दुसऱ्या वेळी मी रबराचा पडदा लावला. निळ्या रबराचा चौकोनी तुकडा असतो, त्याला एक भोक, त्या भोकातून फक्त एक दाढ वर डोकावते, बाकी तोंड पडद्यामागे बंद. थुंकी नाही, जीभ नाही आणि बोलणं नाही. दादा, तुझी आई अर्धा तास एक शब्द बोलली नाही. मी शपथेवर सांगते. शेजारच्या खुर्चीवरचे डॉक्टर येऊन बघून गेले. मी ॲसिडचं जेल लावलं, धुतलं, या वेळी नीट ओल ठेवली, बाँड बारीक ब्रशने भिंतीला चोळून चोळून लावला, हिरडीच्या कडेला तर दोनदा, कारण तिथे दाताचं वरचं कडक कवच नसतं आणि सगळ्यात आधी गळतं ते तिथेच. मग तो कडक करायला निळा दिवा, मग मसाला थोडा थोडा थरांनी, म्हणजे आकसला तरी थोडा थोडाच आकसेल. पडदा काढला तेव्हा मोठ्या आईचं पहिलं वाक्य होतं, “बैलाला मुसकी घालत्यात तशी घातली गं पोरीनं!” दुसरं वाक्य बसस्टँडपर्यंत चाललं.

आणि मग दादा, हल्ला सुरू झाला. मला वाटलं होतं ती नेहमीसारखी मिश्री लावेल आणि आपण बघू. छे! तिला जिंकायचं होतं. क्रांती वहिनी मला रोज फोनवर बातमी द्यायची (हळू आवाजात, गोठ्यातून). मिश्री चारची सहा वेळा झाली. बोट बाकी दातांवरून नुसतं फिरायचं आणि त्या एका दाढेपाशी, हिरडीच्या कडेला, दाबून बसायचं. मग चुलीवरून उतरवलेला उकळता चहा, डाव्या गालात धरून. त्यावर लगेच माठाचं पाणी, तेही डाव्या गालात. दहिवडीच्या बाजारात गेली की बर्फाचा गोळा, आणि तो चोखायचा नाही, दाढेखाली धरून ठेवायचा. आमच्या लॅबचं गरम-गार मशीन तेव्हा बिघडलेलं होतं आणि कंपनीचा माणूस येतो येतो म्हणत होता. मोठी आई एकदाही बिघडली नाही. मी मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, प्रोटोकॉल कुणी लिहून दिला त्यांना?

खरं सांगू? मला लय भीती वाटत होती. कोटाची नाही, मिश्रीचीही नाही. भीती ही की दाढ पुन्हा किडली तर तिसऱ्यांदा भरायला तिथे दातच उरत नाही, काढावीच लागते. म्हणजे पैज ती जिंकणार आणि भाकरी ती हरणार, आणि हे तिला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “ते बगू मागनं. आदी रेघ पाडतीया.” अशा माणसाशी कसं भांडायचं? अर्फा रोज सकाळी मला टूथपेस्टऐवजी बोट दाखवून म्हणायची, “प्रॅक्टिस कर गं, आयत्या वेळी ठसका लागेल.”

शेवटी तो दिवस आला. मी आरसा, टोकदार सळई, पॉलिशचा ब्रश आणि डोळ्यावर लावायची दुर्बीण घेऊन वस्तीवर गेले. अंगणात बाज टाकलेली, उन्हाकडे तोंड करून मोठी आई बसलेली, नवं लुगडं नेसून! पलीकडच्या वस्तीवरच्या बायका आधीच जागा धरून बसलेल्या. पंच कोण, तर चांदबी चाची. म्हणजे मोठ्या आईची मिश्रीची जोडीदारीण! सकाळी दोघी कट्ट्यावर एकाच डबीतून लावतात. मी म्हटलं हे चालणार नाही. चाची म्हणाली, “का? मला डोळं न्हाईत?” विषय संपला.

मोठ्या आईने तोंड उघडलं. सगळंच काळं! दाढ काळी, शेजारचा दात काळा, हिरडीची कड काळी. बायकांमध्ये ‘पडली, पडली’ सुरू झालं. एकीने तर माझ्यासाठी डबीचं झाकण उघडलं. मी म्हटलं थांबा, हा वरचा थर आहे, आधी साफ करू दे. मोठ्या आईने माझा हात धरला, “आस्सं! घासून रेघ पुसतीस व्हय गं? ह्ये न्हाई चालायचं.” मोठा वाद झाला. मग मला सुचलं. तिच्या शेजारच्या दातात कुणीतरी फार वर्षांपूर्वी भरलंय. मी म्हटलं, दोन्ही दात सारखेच घासते, एकाच ब्रशने, सगळ्यांसमोर. वरवरचं असेल ते दोन्हीकडचं जाईल. आत शिरलेलं असेल ते घासून जाणार नाही. चाचीने मान डोलावली. (याला कंट्रोल म्हणतात, दादा. शोधनिबंधात यासाठी अख्खा परिच्छेद लागतो.)

घासलं. चूळ भरली. जुन्या भरलेल्या दाताभोवती काळी रेघ तशीच, पेनाने काढल्यासारखी, सळईचं टोक त्यात अडकत होतं. आता दाढ. मी बघायच्या आधी चाचीने मला बाजूला केलं, दुर्बीण माझ्या डोळ्यावरून काढून स्वतःच्या डोळ्यावर लावली (उलटी, मग सुलटी), आरसा हातात घेतला आणि बघत राहिली. वरून बघितलं, बाजूने बघितलं, हिरडीच्या कडेला बोट लावून बघितलं.  मग तिने दुर्बीण काढली आणि मोठ्या आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बनाबाय, न्हाई गं. साफ हाय. लय शोदली मी.”

दादा, मी उडी मारली! खरोखरची उडी, आणि खाली येताना पाय दुधाच्या किटलीवर. वहिनी ओरडली, कोकरं पळाली, एक आजी म्हणाली, दातापायी दूध सांडलं पोरीनं. मला काही ऐकू येत नव्हतं. हिरडीच्या कडेलासुद्धा रेघ नाही! सहा वेळच्या मिश्रीत, उकळत्या चहात, बर्फाच्या गोळ्यात!  मोठ्या आईने वहिनीला आत पाठवून मूठभर शेंगा आणायला सांगितल्या, डाव्या बाजूने कडाकडा फोडून खाल्ल्या, डबी उचलली, चुलीत उपडी केली आणि मला म्हणाली, “बरं, डाक्टरीणबाई.” मला डाक्टरीणबाई म्हणाली! आजवर मी ‘ती दातवाली पोरगी’ होते. त्या दिवशी अंगणातच अकरा बायकांनी तोंडं उघडून दाखवली, आणि त्यातल्या चौघी पुढच्या आठवड्यात सांगलीला आल्यासुद्धा.

तेव्हा दादा, सिमेंट नाही. बाँड. एवढं तुझ्या बरॅकमध्ये सगळ्यांना वाचून दाखव. जिवाला जप, दोन वेळा ब्रश कर, पैकी रात्रीचा तरी नक्की.

तुझी धाकटी बहीण आणि आपल्या वस्तीची अधिकृत डाक्टरीणबाई,
उत्कर्षा

ता. क. मोठ्या आईने मिश्री खरंच सोडलीय. पहिले काही दिवस ती सगळ्यांवर खेकसत होती, कोंबड्यांवरसुद्धा. वहिनी म्हणत होती, वन्सं, तुमची पैज आणि आमची सजा. आता निवळलंय. जेवण वाढलंय, खोकला गेलाय.

आणखी एक ता. क. हे पत्र खरं तर मी एका कामासाठी लिहायला घेतलं होतं, जिंकण्याच्या भरात राहून गेलं. झालं असं की मी उड्या मारत मॅडमना रिझल्ट सांगितला. त्यांनी शाबासकी दिली, चहा पाजला, आणि म्हणाल्या, “बाहेरून रेघ नाही, फार छान. पण आतून गळत नाही हे कशावरून? दात उभा कापल्याशिवाय मी हे थिसिसमध्ये घालू देणार नाही.” आणि त्यांचं बरोबर आहे, दादा! तोंडात राहून, मिश्री सोसून, बर्फ झेलून आलेली अशी दाढ कुणाकडेच नाही. एकदा मधोमध कापून बघायला मिळाली तर! ती तशी किंचित हलतेही (म्हणजे मी दोन बोटांनी जोरात हलवली तेव्हा).

शेवटचं ता. क. मी मोठ्या आईला घाबरत घाबरत विचारलं. ती अजिबात रागावली नाही. लगेच हो म्हणाली. “घे की गं, तुजीच हाय. मी गेल्यावर घे. मला न्यायच्या आदी काढून घे, मी क्रांतीला सांगून ठिवते.” आणि ठेवलंयही सांगून. अडचण एवढीच की माझं सबमिशन मार्चमध्ये आहे, आणि मिश्री सोडल्यापासून तिची तब्येत अशी काही सुधारलीय की परवा मी बीपी तपासलं तर माझ्यापेक्षा चांगलं निघालं. चाची म्हणते, बनाबाय आता शंभरी गाठती. आणि मिश्री सोडवली कुणी, तर मीच. तू घरातला मोठा आहेस, तिचा मुलगा आहेस, शांत डोक्याने विचार करून सांग: मी थिसिसचा विषय बदलू, की मॅडमकडून जरा मुदत वाढवून घेऊ?